कोब्यातली ऊब

आई त्या फेब्रुवारीत आमच्याकडे होती. माझं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती ऐन थंडीत विक्रोळीहून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला आली. एरवी इथं येणारे आईवडील उन्हाळा बघून येतात. दाराबाहेर गुडघाभर बर्फ, साडेपाचला अंधार, आणि तिला खुर्चीत बसून भाजी निवडता येत नाही. दोन-तीन दिवस ती स्वयंपाकघरात इथं बस, तिथं बस करत होती. मग फ्रिजच्या डाव्या अंगाला तिला तिची जागा सापडली. तिथं चटई टाकायची, पुढ्यात मेथीची जुडी, मांडीशी ताट. "इथली जमीन बघ कशी लागतीय," ती मला म्हणाली. "चुलीपुढं बसल्यागत वाटतंय."

आमच्या घरात रेडिएटर नाहीत. जमिनीतूनच गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या फिरवल्या आहेत, त्यामुळं हिवाळ्यात सगळं घर पायाखालून तापतं. पण आईची ती परातीएवढी जागा नुसती कोमट नव्हती, चांगली गरम होती. मी म्हटलं, बस तिथंच. आठवड्याभरानं बॉयलर रात्रंदिवस धडधडायला लागला, दाबाचा काटा सारखा खाली यायला लागला, तेव्हा प्लंबरला बोलवावं लागलं. त्यानं गुडघ्यावर बसून त्या जागेवर तळहात टेकवला आणि लगेच मान हलवली. नळी फुटली होती. गरम पाणी कोब्याखाली मुरत होतं आणि आई त्यावर बसून मेथी निवडत होती.

नळी किती जुनी असेल, मी विचारलं. घराइतकीच, म्हणाला, १९४८ ची. तो स्वतः चार गल्ल्यांपलीकडं अशाच घरात वाढलेला, माळ्यावर वडिलांनी स्वतः लाकडाची पार्टिशनं ठोकून केलेल्या खोलीत. या गावात हे असंच होतं, त्यानं सांगितलं: खाली तळघर नाही, घर सरळ कोब्यावर उभं, नळ्या कोब्यात पुरलेल्या. एक फुटली की कोबा फोडायचा.

आम्ही २००९ साली हे घर घेतलं तेव्हा एजंटनं या गावाचं, लेव्हिटटाउनचं, नाव जरा अदबीनं घेतलं होतं. अमेरिकेतलं पहिलंवहिलं मोठं उपनगर, असं काहीतरी. मला तेव्हा एवढंच कळत होतं की घर लहान आहे, हप्ता झेपेल, आणि शेजारच्याच हिक्सव्हिलमध्ये कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, सगळं मिळतं. गावाची गोष्ट मी नीट वाचायला लागले ती कोबा फुटल्यानंतर.

इथं बटाट्याची शेतं होती. मॅनहॅटनपासून साधारण ४० किलोमीटर पूर्वेला सपाट पठार, हेम्पस्टेड नावाच्या मोठ्या टाउनच्या हद्दीत. १९४१ साली हिक्सव्हिलजवळच्या एका शेतात बटाट्याच्या मुळांना लागणारा एक सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक किडा, सापडला. अमेरिकेत तो पहिल्यांदा तिथंच सापडला, आणि पुढची काही वर्षं शेतकऱ्यांचं नशीब पालटून गेला. जमीन विकायला काढणारे बरेच झाले. त्याच वेळी लढाई संपली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे १ कोटी ६० लाख लोक लष्करात होते. ते परत आले, त्यांनी लग्नं केली, पोरं झाली आणि राहायला घर नव्हतं. आधी मंदीची दहा वर्षं, मग लढाईची चार. घरबांधणी जवळजवळ थांबलेली. १९४४ साली सगळ्या देशात मिळून एका कुटुंबाची म्हणता येतील अशी जेमतेम १ लाख १४ हजार घरं बांधायला घेतली गेली. लोक सासुरवाडीच्या बाहेरच्या खोलीत राहत होते, लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत राहत होते. शिकागोत २५० जुन्या ट्राम घरं म्हणून विकल्या गेल्या. मला हे वाचताना परकं वाटलं नाही. आमच्या नात्यात एका दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं झोपत होती, पाळीपाळीनं.

हे गाव बांधणारे लेव्हिट म्हणजे बाप आणि दोन मुलगे. बाप अब्राहम, वकील, बागेचं वेड असलेला. थोरला विल्यम, पैसा आणि विक्री बघणारा. धाकटा अल्फ्रेड, घरांचे आराखडे काढणारा. लढाईआधी हे श्रीमंतांसाठी बंगले बांधायचे. लढाईच्या दिवसांत व्हर्जिनियातल्या नॉरफॉकला नौदलाच्या कामगारांसाठी हजारोंनी घरं बांधायचं कंत्राट मिळालं, आणि त्या कामात ते शिकले की घर हे एकेक करून उभं करायची गोष्ट नाही. विल्यम स्वतः नौदलाच्या बांधकाम पथकात जाऊन आला. परत आल्यावर त्यांनी बटाट्याची शेतं घ्यायला सुरुवात केली, आणि मे १९४७ मध्ये जाहीर केलं की सैनिकांसाठी २,००० घरं बांधून महिना ६० डॉलर भाड्यानं देऊ.

पहिली अडचण कोब्याची आली. हेम्पस्टेडच्या बांधकाम नियमांत प्रत्येक घराला तळघर हवंच होतं. तळघर खणायचं तर वेळ जाणार, खर्च वाढणार, ६० डॉलरचं भाडं जमणार नाही. नियम बदलायची बैठक ठरली तेव्हा सैनिक, त्यांच्या बायका, कडेवर पोरं, सगळे टाउन हॉलमध्ये येऊन उभे राहिले. नियम बदलला. म्हणजे ज्या कोब्यावर आई बसली होती, तो कोबा भांडून मिळवलेला होता. हे मला फार भिडलं. घर मागायला पोरं घेऊन सरकारी कचेरीत उभं राहणं काय असतं ते आमच्या घरात नव्यानं सांगावं लागत नाही.

मग कामाला जो वेग आला तो आजही वाचून विश्वास बसत नाही. मोटारीच्या कारखान्यात गाडी पट्ट्यावरून पुढं सरकते आणि माणूस जागेवर राहतो. इथं उलटं केलं. घर जागेवर, माणसांच्या टोळ्या पुढं सरकत जाणाऱ्या. घर बांधायच्या कामाचे २७ तुकडे केले. एक टोळी फक्त कोबा ओतणार, एक फक्त नळ्या टाकणार, एक फक्त कौलं ठोकणार. एका माणसाचं काम दिवसभर वॉशिंग मशीनचे बोल्ट जमिनीला आवळायचे, एवढंच. दर ६० फुटांवर ट्रक सामानाचा गठ्ठा टाकून पुढं जायचा, कारण प्लॉटची रुंदीच ६० फूट. लाकूड कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या गिरणीतून, खिळेसुद्धा स्वतःचे. कामगार युनियनचे नव्हते, कामाच्या मापावर पैसे. १९४८ च्या उन्हाळ्यात दिवसाला ३० पेक्षा जास्त घरं पुरी होत होती.

आमचं घर त्या वर्षीचं. पंचवीस बाय तीस, ७५० चौरस फूट. दोन झोपायच्या खोल्या, बसायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, वर मोकळा माळा. स्वयंपाकघर पुढच्या बाजूला, आणि बॉयलरही तिथंच. त्या वेळी आमच्या घरासारखी शेजारची सगळी घरं होती; रंग आणि खिडकीच्या चौकटी जरा इकडंतिकडं. १९४९ च्या मार्चमध्ये विकत घ्यायची घरं काढली तेव्हा एका दिवसात १,४०० करार झाले. काही कुटुंबं चार-चार दिवस रांगेत होती. नव्या धाटणीचं घर ७,९९० डॉलरला, सैनिकांना आधी काही भरावं लागत नव्हतं, महिना हप्ता ५८ डॉलर. १९५१ पर्यंत इथं १७,४४७ घरं उभी राहिली. एका बांधणाऱ्यानं एका जागी एवढी घरं त्याआधी बांधली नव्हती.

म्हाताऱ्या अब्राहमनं प्रत्येक अंगणात फळझाडं लावली. नियमही केले. गवत आठवड्याला कापायचं, कुंपण घालायचं नाही, शनिवार-रविवारी कपडे बाहेर वाळत टाकायचे नाहीत. हा शेवटचा नियम आईला सांगितला तेव्हा ती खरोखर गोंधळून गेली. सुट्टीच्या दिवशी नाही तर मग कामाला जाणाऱ्या बाईनं कपडे धुवायचे कधी?

शहाण्या लोकांनी तेव्हा या गावाला खूप नावं ठेवली. ल्यूइस ममफर्डसारख्या नगररचनेच्या मोठ्या अभ्यासकाला या एकसारख्या घरांत एकसारखी माणसं तयार होताना दिसत होती. मला ही टीका पटत नाही. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वाढले, हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत. आमच्याही बिल्डिंगा एकसारख्या, नंबरानं ओळखायच्या. नवा पाहुणा हमखास दुसऱ्याच जिन्यात चढायचा. पण आत गेलं की एका घरात ढोलकी, एकात शिवणयंत्र, एकात दहावीचा अभ्यास करणाऱ्या तीन बहिणी. भिंती एकसारख्या असल्यानं माणसं एकसारखी होत नाहीत. माणसाला आधी भिंत लागते. इथंही लोकांनी वर्षभरात माळ्यावर खोल्या केल्या, मागं खोल्या काढल्या, गाड्यांसाठी शेड घातल्या. आज आमच्या गल्लीत मूळ रूपातलं घर शोधून सापडत नाही.

आणि हे सगळं एका बांधकाम करणाऱ्याच्या हुशारीवर झालेलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण इथल्या गप्पांत विल्यम लेव्हिटचं नाव येतं आणि सरकारचं राहून जातं. १९३४ साली इथल्या सरकारनं गृहकर्जाचा विमा उतरवणारं एक खातं काढलं होतं. त्याआधी घराचं कर्ज म्हणजे पाच-दहा वर्षांची मुदत आणि निम्मे पैसे हातात असायला हवेत, म्हणजे कामगाराच्या आवाक्याबाहेर. सरकार म्हणालं, कर्ज बुडलं तर आम्ही भरू. बँकांची भीती गेली, मुदत २५-३० वर्षांवर गेली. १९४४ च्या कायद्यानं सैनिकांच्या कर्जाला आणखी हमी दिली. बांधणाऱ्यालाही घरं उभी राहायच्या आधीच पैशाची खात्री मिळायला लागली. कोब्याखाली नळी आहे तशी या गावाखाली ही हमी आहे. तिच्यातून ऊब आली.

प्लंबरनं बॉयलर बंद करून दोन दिवसांनी ब्रेकर घेऊन येतो म्हणून सांगितलं. उणे आठ अंशांत घर थंडगार पडलं. समोरच्या आजी स्वतः रस्ता ओलांडून आल्या आणि आम्हा दोघींना त्यांच्याकडं घेऊन गेल्या. त्या तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या. नवरा नौदलात पॅसिफिकला होता, परत आल्यावर लग्न, आणि १९४८ मध्ये पोटात पहिलं मूल असताना त्या इथं भाडेकरू म्हणून आल्या. आम्ही घर घेतलं त्या दिवशी लिंबाचा केक घेऊन आलेल्या त्या एकट्याच. दरवाजापुढचा बर्फ खारवायचा कसा, कंबर न मोडता फावडं कसं मारायचं, हे मला त्यांनी शिकवलं. माणूस म्हणून मी त्यांची ऋणी आहे, आणि पुढचं लिहिताना ते ऋण विसरून लिहीत नाही.

कोब्याची गोष्ट निघाली तशी त्या आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात फोटो होते, बॉयलरच्या वॉरंटीचा कागद होता आणि तीन घड्या घातलेला पिवळट भाडेकरार होता. त्यांना मला भाड्याचा आकडा दाखवायचा होता. साठ डॉलर. मी आकडा बघितला, आणि सवयीनं पुढं वाचत गेले. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. कागद शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. कलम २५ मोठ्या ठळक अक्षरांत होतं. कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कुणालाही ही जागा वापरू किंवा तिथं राहू द्यायचं नाही, असं भाडेकरू कबूल करतो. आणि त्याच कलमात पुढं: कॉकेशियन नसलेले घरगडी ठेवायला मात्र हरकत नाही.

"काय लिहिलंय?" आईनं विचारलं. माझा चेहरा तिला वाचता येतो.

मी मराठीत सांगितलं. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे भांडी घासायला चालेल."

आजींनी विचारलं, आई काय म्हणाल्या. मी ते कलम त्यांना बोटानं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या की हे आम्ही कधी वाचलंच नव्हतं. मी त्यावर विश्वास ठेवला, आजही ठेवते. त्यांना ते वाचावं लागलं नाही. कलमाच्या पलीकडं जे उभे होते त्यांनी वाचलं.

१९४९ साली यूजीन बर्नेट नावाचा काळा माजी सैनिक इथं घर बघायला आला होता. जाहिरात सैनिकांसाठी, तो सैनिक. नमुन्याचं घर त्याला आवडलं, त्यानं अर्ज मागितला. विक्रीवरच्या माणसानं सांगितलं की माझं स्वतःचं काही नाही, पण बांधणाऱ्यांनी अजून निग्रोंना घरं विकायचं ठरवलेलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी बर्नेटनी सांगितलं की तिथून ईस्ट हार्लेमला परत जातानाचा तो लांबलचक प्रवास ते कधी विसरले नाहीत.

त्याआधी वर्षभर, मे १९४८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता की वंशावरून घर नाकारणारे करार कुठलंही न्यायालय अमलात आणू शकत नाही. लेव्हिटनं कलम कागदावरून काढलं, वागणं बदललं नाही. १९५० च्या सुमाराला इथल्या दोन गोऱ्या कुटुंबांचे भाडेकरार संपल्यावर वाढवून दिले नाहीत, कारण त्यांच्या अंगणात काळी मुलं खेळायला आली होती. विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू. त्यांच्याही लोकांना चांगल्या वस्त्यांत घरं मिळत नसत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं की मी घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा, दोन्ही एकत्र नाही. काळ्यांना विकलं तर गोरे घेणार नाहीत.

हे म्हणणं लोक आजही समजुतीनं सांगतात. काळच तसा होता, बिचारा काय करणार. मला हे मान्य नाही. ज्या माणसानं तळघराचा नियम बदलून घेतला, घर बांधायची शेकडो वर्षांची रीत मोडून २७ तुकड्यांत नवी बसवली, त्याला फक्त हीच एक रीत मोडता येत नव्हती? घरासाठी हजारो लोक रांगेत झोपले होते. ते कलम नसतं म्हणून त्यातले किती जण उठून गेले असते? आणि सरकारचा दोष तर त्याच्याहून मोठा. कर्जाची हमी देणाऱ्या त्या खात्याच्या अधिकाऱ्यांना दिलेल्या पुस्तिकेतच लिहिलेलं होतं की मिश्र वस्तीनं घराची किंमत पडते, करारात असं कलम असलेलं चांगलं. काळ्या सैनिकाच्या पगारातूनही कर कापला जात होता, आणि त्या करावर उभी असलेली हमी त्याच्या दारापर्यंत येत नव्हती.

"आपण कॉकेशियन का?" आईनं मला तिथंच, आजींसमोर विचारलं.

हा प्रश्न खरोखर कोर्टात गेलेला आहे. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं. बाहेरून आलेल्यांत कायद्यानं ते गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळत होतं. थिंड म्हणाले, तुमच्या पंडितांच्या व्याख्येनं उत्तर हिंदुस्थानातला उच्चवर्णीय कॉकेशियनच आहे, म्हणून मी गोरा. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पंडित काहीही म्हणोत, साध्या माणसाच्या बोलीत तुम्ही गोरे नाही. हा खटला मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दोनदा दुखलं. एकदा निकालानं, आणि एकदा थिंड यांच्या बाजूच्या त्या युक्तिवादानं. आम्ही खालच्या जातींत मिसळलो नाही, आमचं रक्त शुद्ध आहे, हाच तो युक्तिवाद होता. म्हणजे त्यांच्या दारातून ते आत गेले असते, तरी त्या हिशेबात मी बाहेरच.

मी आईला म्हटलं, नाही, आपण नाही. आजी कॉफी करायला उठल्या होत्या. तेव्हा आईनं मला बाबांची दादरची खोली सांगितली. मी ती गोष्ट ऐकून होते, पण तुटक. लग्न झालं तेव्हा बाबा कारखान्यात लागलेले, दादरला एका चाळीत खोली रिकामी असल्याचं कळलं म्हणून दोघं बघायला गेले. मालकानं खोली दाखवली, नळ दाखवला, डिपॉझिटही ठरलं. मग पूर्ण नाव विचारलं. बाबांनी सांगितलं. मालक आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, अहो, राहूनच गेलं सांगायचं, ही खोली कालच दिली. आईला त्या नळाला चाललेली पाण्याची बारीक धार अजून आठवते. पाणी चोवीस तास, असं मालक कौतुकानं म्हणाला होता.

आमच्या घरात बाबासाहेबांची बडोद्याची गोष्ट लहानपणी सगळ्यांना सांगितली जायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस १९१७ साली बडोद्याला नोकरीवर हजर झाला आणि त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या खानावळीत नाव बदलून राहिले, लोक काठ्या घेऊन आले, सामान घेऊन बाहेर पडावं लागलं. बाबा ही गोष्ट सांगायचे आणि दादरची सांगायचे नाहीत.

त्यानंतर बाबांनी हाउसिंग बोर्डाकडं अर्ज केला. मुंबईचं हे बोर्डही लढाईनंतरचंच, १९४८ च्या कायद्यानं आलेलं. कामगारांसाठी सरकारनं घरं बांधायची, ही कल्पना त्याच हवेतली. बाबांचा नंबर लागला. अलॉटमेंटचं पत्र आईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलंय, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या ट्रंकेत. "त्या कागदावर नाव पूर्ण लिहिलेलं," आई म्हणाली, "आणि तरी दिली खोली." वरच्या मजल्यावर कोकणातले मराठे, शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब, खाली आमच्यातलेच दोघं. भांडणं झाली, पाण्यावरून, जिन्यावरच्या चपलांवरून. पण खोली कालच दिली असं कुणी म्हणू शकलं नाही, कारण खोली कुणाच्या हातात नव्हती, यादीत होती. तसाच एक सरकारी कागद आजींच्या डब्यातल्या कराराच्या पाठीशी उभा होता. इथं त्यानं दार लावून घेतलं, तिकडं आमच्यासाठी उघडलं. त्या दुपारी मी दोन्ही कागद मनात शेजारी ठेवून बघत होते.

लेव्हिटांनी पुढं पेनसिल्व्हानियात दुसरं लेव्हिटटाउन बांधलं, पोलादाच्या मोठ्या कारखान्याजवळ, १७ हजारांवर घरांचं. तिथं ऑगस्ट १९५७ मध्ये बिल आणि डेझी मायर्स हे पहिलं काळं कुटुंब राहायला आलं, लेव्हिटकडून नव्हे, एका घरमालकाकडून घर विकत घेऊन. रात्रीमागून रात्री घरापुढं शेकडोंचा जमाव, खिडकीतून दगड. राज्याच्या पोलिसांना यावं लागलं. शेजारच्या ज्यू कुटुंबानं त्यांची साथ सोडली नाही, त्यांनाही त्रास झाला. मायर्स कुटुंब टिकून राहिलं. डेझी मायर्स यांच्या हातात तेव्हा तान्हं बाळ होतं. त्या वेळी त्या जिथं उभ्या राहिल्या, तिथून एक रस्ता सरळ माझ्या दारापर्यंत येतो असं मला वाटतं. नागरी हक्कांची चळवळ झाली म्हणून १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा झाला आणि आमच्यासारख्यांना या देशात येता आलं. १९६८ चा घरांबाबतचा कायदा झाला म्हणून एजंट मला हे घर दाखवायला बांधील होता. हिक्सव्हिलच्या दुकानात भाजी घेताना आपली माणसं कधीकधी काळ्या लोकांबद्दल जे बोलतात, ते ऐकून म्हणून मी गप्प बसत नाही. दोन मैत्रिणी त्यापायी तुटल्या.

१९९० च्या जनगणनेत या गावच्या ५३ हजार लोकांत काळे १३७ होते. कलम कागदावरून जाऊन चाळीस वर्षं झाली होती. घर वारशानं जातं, त्याची किंमतही वारशानं जाते. आजी पुढं चार वर्षांनी गेल्या. त्यांच्या मुलांनी घर विकलं तेव्हा किंमत पहिल्या किमतीच्या कितीतरी पट होती, आणि त्याआधी त्याच घरावर कर्ज काढून तिन्ही मुलं कॉलेजात गेली होती. त्यांनी कुणाचं काही लुटलं नाही. पण बर्नेटांनी त्या दिवशी मागितलेल्या अर्जाची किंमतही तेवढीच वाढत गेली असणार, आणि ती कुणाच्याच खात्यावर नाही.

प्लंबर शुक्रवारी आला. मी म्हटलं सगळ्या नळ्या सोडून देऊन भिंतीकडेनं नवे हीटर घालू का. पुष्कळ लोक तेच करतात. तो म्हणाला, एवढी एक जागा दुरुस्त होईल, बाकीच्या किती टिकतील त्याची हमी नाही. आईनं विचारलं, दुरुस्त झाली तर ऊब राहील का. राहील. मग फोड म्हणावं.

त्यानं प्लास्टिक अंथरलं, टाइल काढली, ब्रेकर लावला. घर मुळापासून थरथरलं, ताटाळ्यातली ताटं वाजली. चार बोटं जाडीचा कोबा, खाली नळी, हिरवी पडलेली, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून वाफाळतं पाणी. त्यानं तेवढा तुकडा कापला, नवा डाख दिला, दाब लावून बघितला. मग म्हणाला, तासभर तसंच उघडं ठेवतो, गळत नाही ना बघू, आणि ट्रककडं गेला.

आई खड्ड्याशी जाऊन बसली. मी म्हटलं, तुझ्याकडं बघून माझे टाके ओढतील, मागं हो. तिनं ऐकलं नाही. हात आत घातला आणि कोब्याखालची माती मुठीत घेऊन बाहेर काढली. काळसर तपकिरी, भुसभुशीत, ओली आणि अजून गरम. चिमटीत चोळून बघितली, नाकाशी नेली.

"ही बटाट्याची का?"

हो, मी म्हटलं.

"चांगली आहे," ती म्हणाली. खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती, थंडीनं पानं गळून काड्या राहिलेली. आईनं ती मूठ तिच्या बुंध्याशी टाकली, वरून हातानं दाबली, आणि हात धुवायला उठली.